अडचण निरंक

सरकारी कागदात एक शब्द आहे, निरंक. ज्या रकान्यात भरायला काही नाही तो रकाना शिक्षकाने कोरा सोडायचा नसतो, आडवी रेघही ओढायची नसते. तिथे निरंक लिहायचं असतं. शाळाबाह्य मुलं? निरंक. पडझड? निरंक. तक्रारी? निरंक. नोकरीला लागले तेव्हा हा शब्द मला फार भारदस्त वाटला होता. पुढे तो जिभेवर असा बसला की घरी नवऱ्याने "बाजारातून काय आणू?" असं विचारलं तरी मी निरंक म्हणायचे आणि तो बिचारा खरोखर रिकाम्या पिशवीने परत यायचा. आज मला या शब्दाचा राग येतो. का येतो ते सांगायचं तर माझ्या शाळेतल्या सोबतिणीबद्दल सांगावं लागेल.

आमची शाळा बीडहून पाली ओलांडून पुढे, घाट लागायच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. खोल्या दोन, वर्ग चार, आम्ही दोघी. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. ती माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. मी तिला सगळ्यांसमोर मॅडम आणि एरवी 'अगं' म्हणायचे. मोठ्या शाळेत शिक्षकांना बसायला वेगळी खोली असते, असं मी ऐकून आहे. आमची तसली खोली म्हणजे माझी स्कूटी. सकाळी बीडमधून निघालं की शाळा येईपर्यंत आणि शाळा सुटली की घर येईपर्यंत जे काय बोलायचं ते तिच्यावर बसूनच. सासू, दीर, बीपीच्या गोळ्या, पोषण आहारातला तांदूळ, सगळं मागून माझ्या हेल्मेटवर आदळत असायचं. बोलणं संपलं की ती गायला लागायची.

तिचा आवाज कसा होता हे लिहायला बसले की मला माझाच राग येतो, कारण मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. एवढं सांगते की तो मोठा नव्हता. कानात शिरायचा नाही, कानापाशी येऊन बसायचा. पहिलीच्या पोरांना ती प्रत्येक कविता चालीवर शिकवायची आणि मधली भिंत पातळ असल्यामुळे माझे चौथीतले घोडे भागाकार करता करता पहिलीची कविता म्हणत बसायचे. मी डस्टर आपटायचे. ती तिकडून हसायची. केंद्रातला कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणे आले की स्वागतगीत तिचंच. पाहुणे उशिरा यायचे, कधी यायचेच नाहीत, तरी आम्ही तिच्याकडून गाणं म्हणून घ्यायचो.

चाळिशी जवळ आली तेव्हा तिने एकदम बीडमध्ये रविवारचा गाण्याचा क्लास लावला. तिच्या वर्गात बसणाऱ्या बाकी मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. घरी दीर म्हणाला, "आता काय स्टेजवर नाचायचंय का वयनी?" पण ती ऐकणारी नव्हती. तिला विशारद व्हायचं होतं. पुढे कुठे नोकरी मिळणार नव्हती, पगार वाढणार नव्हता, सेवापुस्तकात नोंदही झाली नसती. "ताई," ती मला स्कूटीवर म्हणाली होती, "शाळेसाठी लई शिकले मी. ही ट्रेनिंग, ती ट्रेनिंग. हे येक माझ्यासाठी हाय." मला तिचा हेवा वाटला होता. मला स्वतःसाठी काय शिकायचंय असं मी त्या रात्री बराच वेळ आठवून पाहिलं आणि काही आठवलं नाही.

आणि मग एका पावसाळ्यात तिचा घसा बसला.

शिक्षकाचा घसा बसणं ही काही बातमी नाही. आमच्या खोल्यांवर पत्रे आहेत, पाऊस लागला की पहिलीच्या पोराला 'अ' ऐकू जायला सुद्धा ओरडावं लागतं. त्यात दोन वर्ग एकत्र. एकाला लिहायला द्यायचं, दुसऱ्याला शिकवायचं, आणि मधेच पहिल्याला गप्प करायचं. श्रावण गेला, गणपती गेले, तिचा आवाज काही उघडला नाही. मग केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी वैद्यकी सुरू केली. कुणी ज्येष्ठमध दिला, कुणी खडीसाखर, कुणी लवंग भाजून चघळायला सांगितली. एका गुरुजींनी तर अडुळशाचा पाला पिशवीभर आणून दिला. तिची पर्स उघडली की आयुर्वेदाच्या दुकानाचा वास यायचा. ती सगळं खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पत्र्याखाली ओरडायची.

त्याच पावसाळ्यात आमच्या केंद्राला नवे केंद्रप्रमुख आले. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा साहेब. दर महिन्याला तो सगळ्या शाळांच्या शिक्षकांना एका मोठ्या शाळेत बोलावतो, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. हे साहेब माजलगावकडचे, सडपातळ, हळू बोलणारे. पहिल्याच परिषदेत त्यांनी जाहीर केलं की यापुढे शेवटचा एक तास शिक्षकांसाठी. फोटो काढायचा नाही, अहवाल लिहायचा नाही. बाकं भिंतीला सरकवायची, सगळ्यांनी सतरंजीवर गोल बसायचं आणि आपापलं बोलायचं.

आमच्या माणसांनी हे ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. साहेब आणि अहवाल नको म्हणतो? नक्कीच काहीतरी पाणी मुरतंय. माझ्या मागे दोन सर कुजबुजत होते.

"काय बे, हे काय नवीन काढलं?"

"तू नको बोलू काही. आज बोलशील, उद्या चौकशी लागंल."

प्राथमिक शाळेत शिक्षकाला मोकळा तास कधी नसतोच, म्हणून कुणीतरी चेष्टेने त्या तासाला 'ऑफ तास' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

साहेबांची एक चूक झाली. चूक म्हणजे मनाने ते चांगलेच होते, पण इतकी वर्षं याच खात्यात काढल्यामुळे तोंडात भाषा खात्याचीच. सगळे गोल बसल्यावर ते म्हणाले, "प्रत्येकाने आपली एक अडचण सांगा."

अडचण! साहेबाच्या तोंडून अडचण हा शब्द आला की जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची पाठ आपोआप ताठ होते. अडचण सांगितली की तिचा खुलासा द्यावा लागतो, खुलासा दिला की पुरावा द्यावा लागतो आणि शेवटी अडचण बाजूला राहून माणूसच अडचणीत येतो. गोलाच्या सुरुवातीला निवृत्तीला आलेले एक गुरुजी बसले होते. ते हात जोडून म्हणाले, "निरंक, साहेब."

हशा पिकला. त्यांच्या शेजारचे म्हणाले, निरंक. त्यांच्या शेजारची म्हणाली, निरंक. तो शब्द अंताक्षरीसारखा गोलातून फिरत आला. माझ्यापाशी आला, मीही तेच म्हणाले. ती माझ्या शेजारी. तिने तोंड उघडलं तर 'निरं' बाहेर आलं आणि 'क' आतच राहिला, नुसती हवा निघाली. त्यावर तर हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तीही तोंडाला पदर लावून हसत होती. साहेबसुद्धा हसले.

नंतर ते आमचं चालूच झालं. दर महिन्याला ऑफ तास, दर महिन्याला निरंक. रस्त्यात भेटलो तरी "काय सर, कसं काय?" "निरंक!" असं चालायचं. चहा चांगला मिळायचा, कधी साहेब स्वतःच्या पैशाने भजी मागवायचे. आम्ही खाल्लं, हसलो आणि उठलो. माणसं समोर बसली होती, वेळ होता, दार लावलेलं होतं, आणि त्या सबंध तासात कुणी कुणाला काही सांगितलं नाही. असे किती महिने गेले.

दिवाळी झाली. आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेली, त्यांच्याबरोबर पोरंही गेली. वर्गात आवाज कमी झाला. मी तिला म्हटलं, "अगं, आता तरी मोठ्या डॉक्टरकडे जा. पोरं कमी आहेत, मी बघते चारही वर्ग."

"आन तुमाला पंचायत समितीत बोलावलं मंग?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"न्हाई ताई. एकीवर शाळा टाकून कशी जाऊ? तुमाला ताप आलता तवा तुमी घरी राहिलात का?"

राहिले नव्हते. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण आजारी पडला की दुसरा बांधला जातो, म्हणून दोघंही आजारी पडायचं टाळतात. याला आम्ही एकमेकींवरची माया समजत होतो. तिने माझ्यासाठी रजा घेतली नाही, मी तिच्यासाठी घेतली नाही, आणि दोघींनाही त्याचा अभिमान होता. स्कूटीवर ती आता गात नव्हती. ती म्हणायची, रविवारच्या क्लाससाठी जपून ठेवलाय आवाज. आठवडाभर वर्गात ओरडायचं आणि रविवारपुरता आवाज जपायचा, असा तिचा हिशोब होता. क्लासमध्ये वरचे सूर लागेनात तेव्हा गाण्याच्या बाईंनी तिला नुसतं ऐकायला बसवायला सुरुवात केली. तेही तिने मला फार उशिरा सांगितलं.

थंडी सरत आली तेव्हाच्या परिषदेत साहेब जरा थकलेले दिसत होते. आम्ही गोल बसलो, निवृत्तीला आलेल्या गुरुजींनी हात जोडायला उचलले, तेवढ्यात साहेबांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, "आज अडचण नको. माझा मलाच कंटाळा आलाय. आज एवढंच सांगा, शाळा सुटल्यावर घरी गेलात की पहिलं काय करता?"

या प्रश्नाला निरंक म्हणता येत नव्हतं. घरी गेल्यावर माणूस काहीतरी करतोच.

आमच्या शेजारच्या गावातले एक सर होते, धिप्पाड, मोठ्या मिशांचे. पोरं त्यांना टरकून असत. ते खाली बघत म्हणाले, "मी घरासमोर गाडी लावतो आन गाडीवरच बसून राहतो. मोबाइल बघतोय असं दाखवतो. आत जायची ताकद न्हाई होत. बायको पडद्यातून बघती, पण काही म्हणत न्हाई." कुणी हसलं नाही. मग एक मॅडम म्हणाल्या, त्या घरी जाऊन आधी स्वतःच्या लेकरांवर खेकसतात आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडतात. निवृत्तीला आलेले गुरुजी म्हणाले, "मी रेडिओ लावतो. ऐकत न्हाई. पोराचा आवाज नको म्हणून लावतो. तीस वर्षं पोरं आवडली, आता न्हाई सहन होत." एवढं बोलून ते आपल्याच हातांकडे बघत बसले.

मग तिची पाळी आली. ती हळू, फाटक्या आवाजात म्हणाली, "मी घरी काहीच बोलत न्हाई. शाळेतून जाते तवा बोलायला उरतंच न्हाई काही. लेक म्हणती, आई तू माझ्याशी कट्टी कावून केली?"

रोज माझ्या पाठीला टेकून येणारी बाई. तिच्या सासूच्या गुडघ्यापासून तिच्या दिराच्या प्लॉटपर्यंत मला सगळं ठाऊक होतं. पण ती घरी मुकी होते हे मला त्या सतरंजीवर, इतर लोकांसोबत कळलं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

पुढचं सगळं भराभर झालं आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. गाडीवर बसून राहणारे ते मिशीवाले सर तिथल्या तिथे म्हणाले, "मॅडमला दवाखान्यात जाऊ द्या. आमच्या शाळेत आमी तिघं हाव. हप्त्यातून दोन दिस मी येतो मॅडमच्या वर्गावर." आणखी दोघं बोलले. साहेब म्हणाले, वरचं मी बघतो. जे आम्हाला डोंगराएवढं वाटत होतं, ते चहा निवायच्या आत जमलं. तिच्या रजेची सोय झाली. ती दुसऱ्याच आठवड्यात संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरकडे गेली, सोबत मी होते. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, पडद्यावर आम्हालाही दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन्ही पट्ट्यांवर गाठी होत्या, जुन्या, घट्ट झालेल्या. डॉक्टर तरुण होते, त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. म्हणाले, "पावसाळ्यात आला असतात तर नुसत्या मौनावर भागलं असतं बहुतेक."

पावसाळ्यात आम्ही निरंकची अंताक्षरी खेळत होतो.

काही आठवडे ती बोलली नाही. कुजबुजायचंही नव्हतं, कुजबुजण्याने जास्त इजा होते म्हणे. पहिलीच्या पोरीची पाटी घेऊन ती माझ्याशी बोलायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मिशीवाल्या सरांनी वर्गणी काढून तिला गळ्यात अडकवायचा माइक आणून दिला. बोलणं परत आलं, पण ते जाड, खालच्या पट्टीतलं, मधेच तुटणारं. रविवारी ती क्लासला जाऊन आली. सोमवारी ती स्कूटीवर मागे बसली, पाली आली. मग म्हणाली, "ताई, सा लागत न्हाई." मी गाडी बाजूला घेतली. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी हेल्मेट काढून हातात धरलं. तीच म्हणाली, चला, उशीर होतोय.

ऑफ तासाचंही फार दिवस चाललं नाही. तो चांगला चालतो ही गोष्ट वर कुणाच्या तरी कानावर गेली आणि तो सगळीकडे घ्यावा असं ठरलं. ठरल्यावर बॅनर आलं, फोटो आला, लिंक आली आणि त्यात अभिप्रायाचा रकाना आला. साहेबांची दुसरीकडे बदली झाली. आता आम्ही गोल बसतो, बॅनर मागे दिसेल अशा बेताने बसतो, हसतो आणि फोटो झाला की उठतो. ज्यांनी त्या एका दिवशी तोंड उघडलं होतं ती माणसं एकमेकांना भेटली की आजही हात जरा जास्त वेळ धरून ठेवतात. पण बोलत नाहीत.

नंतर ऑनलाइन बदल्यांत तिला गेवराईकडची शाळा मिळाली. मी एकटी स्कूटीवर जाते. तिच्या जागी आलेले सर स्वतःच्या मोटरसायकलने येतात, भले आहेत.

मागच्या महिन्यात दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून घोगऱ्या आवाजात कुणी हॅलो म्हणालं. मी म्हटलं, "बोला दादा, कुणाचे पालक?"

मग, "ताई, मी हाय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ती मात्र समजुतीने म्हणाली, "असू द्या. सगळेच चुकतेत. नंबर नवा हाय ना." मग कामाचं सांगू लागली. तिच्या शाळेत एक नवीन मुलगी लागलीये, पहिलीच नोकरी. दोन महिने झाले, घसा बसलाय. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणते काही नाही होत मॅडम. "मी सांगून थकले ताई. तिला वाटतं माझा आवाज पहिल्यापासून असाच हाय. तिनं माझं ऐकलेलंच न्हाई ना काही. तुमच्याकडं येखादं गाणं हाय का माझं, मोबाइलमदी?"

मी म्हटलं, बघते. बघायचं काही नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो माझ्याकडे आहेत, लिंकवर टाकण्यासाठी काढलेले. ती माइकसमोर उभी, डोळे मिटलेले, तोंड उघडं. पण गाणं भरून ठेवायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपणहून ते करावं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ती तर रोज गात होती.

"मंग तुमीच सांगा तिला," ती म्हणाली आणि फोन त्या मुलीच्या हातात दिला.

मुलगी अदबीने म्हणाली, "नमस्कार मॅडम." तिचाही आवाज चरचरत होता. मी सांगायला लागले. डॉक्टर, गाठी, रजा, सगळं सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला हो मॅडम, हो मॅडम म्हणत होती, साहेबाला म्हणतात तसं. मग तिने आवाज अगदी बारीक केला, शेजारी उभ्या असलेल्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून असेल, आणि विचारलं, "मॅडम, या खरंच गायच्या का?"

मी म्हटलं, "हो गं. लई गायची."